जुन्या गाडीचं कूलंट जातं कुठे?

रविवारी कूलंटची बाटली वरच्या खुणेपर्यंत भरावी आणि पुढच्या रविवारी बॉनेट उघडावं, तर पातळी खालच्या खुणेला टेकलेली. पार्किंगची फरशी ठणठणीत कोरडी. तापमानाचा काटा आठवडाभर आपल्या जागेवरून हललेला नाही. मग अर्धा लिटर कूलंट गेलं कुठे? जुनी मारुती ८००, सँट्रो किंवा सुमो सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. बहुतेकजण बाटली पुन्हा भरतात आणि विषय तिथेच सोडतात. पुढे एखाद्या घाटात गाडी उकळते, तेव्हा तोच विषय कितीतरी पट खर्च घेऊन परत येतो.

कूलंट हे पेट्रोलसारखं वापरून संपणारं द्रव्य नाही. तेच द्रव बंद वाटेवर पुन्हापुन्हा फिरत असतं. बाटलीच्या सैल झाकणातून थोडं पाणी वाफ होऊन उडतं, पण ते अगदी किरकोळ आणि कित्येक महिन्यांत. आठवड्या-पंधरवड्यात पातळी उतरत असेल, तर ती वाट कुठेतरी फुटलेली आहे. द्रवाला निसटायला जागा तीनच आहेत: इंजिनाच्या बाहेर, गाडीच्या आत डॅशबोर्डखाली, किंवा इंजिनाच्या पोटात. या तिन्हींपैकी नेमकी कोणती, हे शोधायची एक रीत आहे. ती कळली की गॅरेजमध्ये अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसावं लागत नाही.

उष्णता बाहेर कशी निघते

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकं फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते. उरलेली बरीचशी इंजिनाच्या धातूत शिरते आणि तिला बाहेर काढायचं काम कूलंटचं.

त्यासाठी सिलिंडरभोवती ब्लॉकमध्ये आणि वरच्या हेडमध्ये पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. पट्ट्यावर फिरणारा एक पंप त्यांतून द्रव ढकलत राहतो. या पंपाला आपल्याकडच्या गॅरेजमध्ये सगळे 'वॉटर बॉडी' म्हणतात. तापलेलं द्रव वरच्या होज पाईपने रेडिएटरमध्ये येतं, तिथल्या बारीक नळ्यांमधून जाताना वाऱ्याने निवतं आणि खालच्या होज पाईपने परत पंपाकडे जातं. वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. तिच्यातलं मेण ८२ अंश सेल्सियसच्या आसपास वितळून फुगतं आणि झडप उघडतं. तोवर रेडिएटरची वाट बंद असते, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. आणखी एक फाटा डॅशबोर्डमागच्या हीटरकडे जातो.

या सगळ्या वाटेवर रबर धातूला जोडलेलं असतं, प्लास्टिक अ‍ॅल्युमिनियमला आणि अ‍ॅल्युमिनियम बिडाला. प्रत्येक सांधा रोज तापतो आणि रोज निवतो. वर्षानुवर्षं हे चाललं की रबर कडक होतं, प्लास्टिक ठिसूळ होतं आणि धातू गंजून पातळ होतो. म्हणून जुन्या गाडीत गळती बहुधा सांध्यापाशीच सापडते.

झाकण आणि कुकर

पहिला संशय सगळ्यात स्वस्त भागावर घ्यावा, तो म्हणजे रेडिएटरचं झाकण. ते आणि घरचा कुकर एकाच तत्त्वावर चालतात. बंद भांड्यात दाब वाढला की पाणी जास्त तापमानाला उकळतं. झाकणावर ०.९ असा आकडा असेल, तर बाहेरच्या हवेपेक्षा चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो जादा दाब होईपर्यंत ते उघडत नाही. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे ही मर्यादा आणखी काही अंश वर सरकते.

घाटात हा दाब किती कामाचा, ते बघा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंच आहे. तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांना उकळायला लागतं. दुसऱ्या गिअरमध्ये चढून आलेल्या इंजिनातलं द्रव सहज तेवढं तापलेलं असतं. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली असेल तर दाब टिकत नाही, द्रव उकळतं आणि बाटलीतून वाहून जातं. बाहेरून पाहणाऱ्याला गळती वाटते, पण पाईप, रेडिएटर, पंप सगळं शाबूत असतं.

झाकणात उलट दिशेची एक छोटी झडपही असते. गाडी निवली की आतलं द्रव आकसतं आणि या झडपेतून बाटलीतलं कूलंट परत ओढून घेतं. मात्र झाकणाचं रबर कडक झालं असेल किंवा एखाद्या पाईपला सूक्ष्म फट असेल, तर कूलंटऐवजी हवा आत ओढली जाते. अशा वेळी बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिता होत जातो. म्हणून ज्या गाडीत झाकण रेडिएटरवर आहे, तिथे नुसती बाटली पाहून समाधान मानू नये. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडून द्रव काठापर्यंत आहे ना, हे डोळ्यांनी बघावं.

'पूर्ण थंड असताना' ही अट जिवाशी संबंधित आहे. आतलं द्रव ११० अंशांवर असताना झाकण उघडलं, तर दाब एकदम उतरतो आणि द्रवाचा काही भाग क्षणात वाफ होतो. हिशोब केला तर एका लिटरमधल्या जेमतेम दोन टक्के पाण्याची वाफ होते. पण तेवढ्या पाण्याची वाफ ३० लिटरच्या आसपास जागा मागते. ती उरलेलं उकळतं पाणी घेऊनच तोंडावर येते. फडकं धरून झाकण फिरवणाऱ्यांचे हात आणि चेहरे याच कारणाने भाजतात. वरचा होज पाईप हाताने दाबून बघा. तो गरम किंवा टणक लागला तर थांबा.

फरशी कोरडी का राहते

गळती बारीक असेल तर थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही. तापलेल्या ब्लॉकवर पडलेल्या थेंबातलं पाणी लगेच उडून जातं, आणि मागे उरतो तो ग्लायकॉल आणि त्यातल्या रसायनांचा सुका थर. हा थर पांढुरका, हिरवट किंवा गुलाबी असतो. गळती शोधायची तर ओल शोधू नका, हा थर शोधा.

दुसरं कारण दाबाचं. उभ्या, थंड गाडीत जादा दाब नसतो, त्यामुळे जी भेग हायवेवर फवारा मारते ती पार्किंगमध्ये गप्प असते. तिसरं कारण वाऱ्याचं. पंखा आणि धावत्या गाडीचा वारा थेंब मागे ढकलतात, मग ते खालच्या पत्र्यावरून ओघळत भलत्याच जागी टपकतात. म्हणून जिथे टपकतं तिथे गळतं, असं समजू नये. ओघळ वर आणि पुढे शोधत जायचं. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा हे गळतीचं मूळ.

गाडीखालचं सगळंच पाणी कूलंट नसतं, हेही लक्षात ठेवावं. एसी लावून आल्यावर केबिनच्या पुढच्या भागाखाली पाणी टपकतं. ते स्वच्छ, बिनवासाचं असतं आणि दमट हवेत भरपूर पडतं. त्यात काही बिघाड नाही. ओळखायला पांढरा कागद टेकवावा. कूलंट रंग सोडतं, बोटाला किंचित बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. मात्र ते चाखून बघू नये. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि गोडव्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं कूलंट भरपूर पाण्याने धुऊन काढावं आणि उरलेला डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

कधी गळतं, हे आधी बघा

चांगला मेकॅनिक पाना हातात घेण्याआधी विचारतो, "गळतं कधी?" कारण गळतीची वेळ हीच तिच्या जागेची पहिली खूण असते.

रात्रभर उभ्या गाडीखाली सकाळी थेंब दिसतात आणि दिवसभर काही नाही, अशी गळती बहुधा होज पाईपच्या टोकाशी असते. थंडीत रबर आणि धातू कमी-जास्त आकसतात, क्लिपची पकड सैल होते आणि द्रव पाझरतं. इंजिन गरम झालं की सगळं फुगतं आणि फट बुजते. गाडी तापल्यावरच गळत असेल तर दाबाने उघडणारी जागा शोधावी: रेडिएटरची बारीक भेग, प्लास्टिकच्या टाकीचा सांधा, होज पाईपचा फुगलेला भाग.

तिसरी वेळ अनेकांच्या लक्षात येत नाही. लांबून येऊन इंजिन बंद केलं की पंपही थांबतो, पण सिलिंडरच्या भिंती तापलेल्याच असतात. साचलेलं द्रव त्यांच्यामुळे आणखी तापतं आणि दाब थोडा वेळ वाढतो. म्हणून गाडी लावल्यावर लगेच किल्ली घेऊन निघून जाऊ नका. बॉनेट उघडा, झाकणाला हात न लावता दहा मिनिटं टॉर्च फिरवा. चुरचुर असा आवाज, वाफेची बारीक रेघ, गोडसर वास, जे काही असेल ते याच दहा मिनिटांत सापडण्याची शक्यता जास्त.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून त्यावर पुढच्या चाकांची जागा आखून ठेवावी. सकाळी डाग नेमक्या कुठल्या भागाखाली पडला आहे, ते कळतं.

हात लावून पाहायच्या जागा

रेडिएटर: जुन्या गाड्यांत तो तांब्या-पितळेचा असे आणि डाग देऊन दुरुस्त होई. नंतरच्या गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. दोन्हींमध्ये रबराची पट्टी ठेवून धातूच्या दातांनी टाकी आवळलेली असते. याच सांध्यावर आडवी, रंगीत रेघ उमटलेली दिसली, तर पट्टी कामातून गेली असं समजावं.

होज पाईप: थंड असताना हाताने पिळून बघावा. चांगला पाईप दबतो आणि परत फुगतो. जुना कुरकुरतो, वाकवला की बारीक चिरा दिसतात, किंवा तेल लागून फुगून मऊ पडलेला असतो. क्लिप सोडून तिच्याखालचा भाग आवर्जून पाहावा. वर्षानुवर्षं आवळली गेलेली क्लिप रबरात खोल चर पाडते आणि चीर त्या चरातच दडलेली असते. चीर टोकाशी असेल आणि पाईपला लांबी पुरत असेल, तर टोक कापून परत बसवता येतं. पण पाईप दहा वर्षांचा असेल तर बदललेला बरा.

वॉटर बॉडी: तिच्या दांड्यावर द्रव अडवणारं सील असतं आणि त्यामागे बेअरिंग. या दोघांच्या मध्ये, खालच्या बाजूला, मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सील झिजलं की द्रव बेअरिंगमध्ये शिरण्याआधी या भोकातून बाहेर पडतं. छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन ते भोक बघा. त्याखाली सुकलेल्या रंगाचा ओघळ असेल तर पंपाची वेळ भरली. हे भोक एम-सीलने बुजवणं म्हणजे बेअरिंगचा घात करणं. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टच्या कव्हरमागे असतो आणि गळती कव्हरच्या तळाशी दिसते. अशा गाडीत बेल्ट आणि पंप एकाच वेळी बदलावेत, कारण मजुरी दोन्हींना जवळपास सारखीच लागते.

डमी: ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची गोल, वाटीच्या आकाराची झाकणं ठोकून बसवलेली असतात. साधं पाणी वापरलेल्या गाडीत ती आतून गंजतात आणि एके दिवशी सुईच्या टोकाएवढं भोक पडतं.

हीटर: डॅशबोर्डमागे असल्यामुळे तो दिसत नाही. पायाखालचं कार्पेट ओलं, केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं ही त्याची लक्षणं.

दाब देऊन पाहणं

डोळ्यांना काही सापडलं नाही तर गॅरेजमध्ये दाबाची चाचणी करून घ्यावी. थंड गाडीचं झाकण काढून त्या जागी घड्याळ असलेला हातपंप बसवतात आणि झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब देतात, त्याहून जास्त नाही. काटा दहा-पंधरा मिनिटं जागेवर राहिला तर थंड अवस्थेत वाट शाबूत आहे. उतरला तर गळती आहेच, आणि इंजिन बंद, पंखा बंद, वाफ नाही, अशा स्थितीत ती शोधणं सोपं जातं. त्याच पंपाने झाकणही तपासता येतं.

फारच बारीक गळतीसाठी कूलंटमध्ये चमकणारा रंग घालतात. दोन-चार दिवस गाडी चालवून अंधारात अतिनील टॉर्च मारला की पाझरलेली जागा पिवळ्या-हिरव्या प्रकाशात उठून दिसते. त्याआधी इंजिन धुऊन सुकवून घ्यावं, नाहीतर जुने डाग दिशाभूल करतात.

बाहेर काहीच सापडलं नाही तर

मग संशय हेड गॅस्केटवर. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये दाबून बसवलेला हा पातळ थर एकाच वेळी जळता वायू, तेल आणि कूलंट या तिघांना वेगळं ठेवतो. अनेक जुन्या इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तेवढ्याच तापमानवाढीत अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. गाडी एकदा जरी सपाटून तापली तरी हेडला वाक येऊ शकतो, आणि मग गॅस्केटची पकड सुटते.

त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज पाईप टणक होतो, कारण सिलिंडरमधला वायू थेट कूलंटमध्ये घुसतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. सकाळी पहिले काही क्षण इंजिन अडखळतं. प्लग काढले तर एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. तेलाच्या झाकणाखाली फिकट तपकिरी लगदा दिसतो. मात्र रोज एक-दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत दमटपणामुळेही तो जमतो, म्हणून एवढ्या एकाच खुणेवर हेड खोलायला देऊ नये.

खात्रीसाठी एक रासायनिक चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रावणाची नळी धरून आतली हवा त्यातून ओढतात. पेट्रोल गाडीत ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड तिथे पोचत असेल तर निळा रंग पिवळा होतो. दुरुस्तीत नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. हेड सपाट आहे का ते तपासून, गरज असेल तर वर्कशॉपमध्ये फेसिंग करून घ्यावं लागतं.

चौकट: खूण आणि संशय

- बाटली भरलेली, रेडिएटर रिता: झाकण किंवा हवा ओढणारा सांधा
- सकाळीच थेंब, नंतर कोरडं: होज पाईपची क्लिप
- लांबून आल्यावर वास आणि चुरचुर: रेडिएटरचा सांधा, बारीक भेग
- पट्ट्याच्या बाजूला ओघळ: वॉटर बॉडी
- ओलं कार्पेट, काचेवर चिकट धुकं: हीटर
- कुठेच ओल नाही, पांढरा धूर, टणक पाईप: हेड गॅस्केट
- स्वच्छ, बिनवासाचं पाणी: एसी, काळजी नको

हळद, साधं पाणी आणि पुढची गळती

रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची, हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा. तो काम करतो, कारण हळदीचे कण पाण्यात फुगून भेगेत अडकतात. बाजारात मिळणारी गळती थांबवणारी औषधंही याच तऱ्हेची. पण कणांना भेग आणि रेडिएटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. ते हीटरमध्ये आणि नळ्यांमध्येही बसतात, आणि उन्हाळ्यात गाडी तापायला लागते. आडरानातून गावापर्यंत पोचायला असा तोडगा ठीक. पोचल्यावर वाट धुऊन खरी दुरुस्ती करावी.

साध्या पाण्याचं नुकसान त्याहून सावकाश होतं. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात. दर आठवड्याला नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतत गेलं की ती विरळ होतात, कठीण पाण्यातले क्षार नळ्यांत थर धरतात आणि धातू गंजायला लागतो. म्हणजे एका गळतीवर पाणी ओतत बसणारा माणूस दुसरी गळती तयार करत असतो. बाटलीत कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दोन्ही सांगितलेल्या प्रमाणातच घालावं. नुसता रंग जुळतो म्हणून दोन प्रकार एकत्र करू नयेत, कारण रंगासाठी कोणतंही ठरलेलं मानक नाही.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, म्हणजे उष्णतेला आणखी एक वाट मिळते. आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी थांबवा. काटा चढून अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. द्रव संपून तो हवेत उघडा पडला की आकडा खोटा येतो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, धातू तडकतो.

दुरुस्तीनंतर वाटेत अडकलेली हवा काढणं तितकंच गरजेचं. रेडिएटरवर झाकण असलेल्या गाडीत थंड असतानाच झाकण उघडं ठेवून हळूहळू भरावं, हीटर सोडून इंजिन चालू ठेवावं आणि थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखावी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीवर पातळीशी मार्करने रेघ ओढा आणि रोज त्याच वेळी, थंड गाडीत, ती बघत जा. नवा पार्ट बसला, गॅरेजचं बिल चुकतं झालं, एवढ्याने गळती गेली असं ठरत नाही. पंधरा दिवस पातळी त्या रेघेवरून हलली नाही, तरच ती गेली असं म्हणावं.